रेझांग लाचा कप्तान

इंडिया गेटजवळच्या नॅशनल स्टेडियमवर १९४० साली मोहमेडन स्पोर्टिंगनं रॉयल वॉरिकशायर या गोऱ्या पलटणीला २-१ असं हरवून ड्युरँड चषक जिंकला. त्याच सुमारास जोधपूरच्या चोपासनी शाळेत शैतान सिंह हा मुलगा फुटबॉल गाजवत होता. वडील, लेफ्टनंट कर्नल हेम सिंह, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढलेले. मुलगा जसवंत कॉलेजातून १९४७ साली पदवीधर झाला, दोन वर्षांनी जोधपूर संस्थानच्या फौजेत अधिकारी आणि विलीनीकरणानंतर कुमाऊँ रेजिमेंटमध्ये. १९६१च्या गोवा मुक्तीतही ते होते.

१८ नोव्हेंबर १९६२ची पहाट, चीनशी युद्ध चालू होतं. लडाखमध्ये चुशूलजवळ रेझांग ला, उंची सोळा हजार फुटांच्या वर. १३ कुमाऊँची चार्ली कंपनी, जेमतेम सव्वाशे जवान, हातात जुन्या .३०३ रायफली. मध्ये डोंगर आडवा असल्यानं आपल्या तोफांचा उपयोग नव्हता. मेजर शैतान सिंह एका जागी थांबले नाहीत. या ठाण्यावरून त्या ठाण्यावर, उघड्यावरून, गोळीबारात ते जात राहिले. मला त्यात शाळेच्या मैदानावरचा मुलगा दिसतो, कारण फुटबॉलचा कप्तान रेषेबाहेर उभा राहून हुकूम सोडत नाही, आपल्या गड्यांमध्ये धावतो. जबर जखमी झाल्यावर त्यांनी जवानांना सांगितलं, मला इथेच ठेवा, तुम्ही निघा. ११४ जण मारले गेले. मेजरना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं.

पण कप्तानाचं नाव घ्यायचं आणि संघ विसरायचा, हे मला सोसत नाही. कंपनी जवळजवळ सगळी अहिरांची, रेवाडी, गुडगाव, महेंद्रगडच्या शेतकरी घरांतली. नर्सिंग असिस्टंट धरमपाल दहिया मात्र बाहेरचे, वैद्यकीय दलातले. त्यांचा देह सापडला तेव्हा हातात सुई आणि पट्टी होती. आज त्याच गुडगावच्या, आताच्या गुरुग्रामच्या, काचेच्या इमारतींत आपली कितीतरी मराठी मुलं नोकरी करतात. त्यांनी एखाद्या रविवारी रेवाडीला जावं. तिथे रेझांग लाचं स्मारक आहे, आणि गाडीनं दीड-दोन तासांचीच तर वाट.

वाचलेल्या मोजक्या जवानांनी हकिगत सांगितली, तेव्हा ती आधी कोणाला खरी वाटेना. शेवटच्या गोळीपर्यंत अख्खी कंपनी लढते, हे पटायलाच जड.

२७ जानेवारी १९६३ला याच नॅशनल स्टेडियमवर लता मंगेशकर ‘ऐ मेरे वतन के लोगो’ गायल्या, चाल सी. रामचंद्रांची. नेहरूंचे डोळे पाणावले, हे आपण घरोघरी सांगत आलो. त्या संध्याकाळी चार्ली कंपनी अजून रेझांग लावर बर्फातच होती. फेब्रुवारीत शोध लागला, तर खंदकांत गोठलेले जवान, कित्येकांच्या हातात बंदुका तशाच. मेजरना जोधपूरला नेलं. बाकीच्यांना तिथेच, चुशूलला, अग्नी दिला.