नावाडीच पहिला वैद्य
(बी. ए. भाग दोन)

नाव म्हटली की आपल्याला मुंबई आठवते, कोकण आठवते. अकोल्याच्या वार्षिकात नावेवरील प्रथमोपचारासंबंधी कोणी लिहिले तर ‘वऱ्हाडात प्यायला पाणी नाही, बुडायला कोठून येणार?’ असा विनोदही होईल. पण वस्तुस्थिती काय सांगते?

१४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली. दशक्रियेच्या निमित्ताने जमलेल्या नातलगांपैकी ११ जण बुडाले. एका दुःखासाठी एकत्र आलेल्या घरावर अकरा दुःखे कोसळली! २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेत डोंगा उलटला. मिरची तोडायला निघालेल्या ६ मजूर स्त्रिया गेल्या. पोटासाठी नदी ओलांडणे एवढाच त्यांचा गुन्हा!

मुंबईतही १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली व १५ जणांचा अंत झाला. मात्र तेथे नौदल, तटरक्षक दल व आसपासच्या बोटी धावून आल्या आणि शंभराहून अधिक लोकांपैकी बहुतेक वाचले. आमच्या वर्धेच्या, पूर्णेच्या पात्रात कोणते नौदल येणार?

येथेच मला माझा मुद्दा मांडायचा आहे. श्वास थांबल्यानंतर चार-सहा मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कितीही वेगाने आली तरी खेड्याच्या वाटेने, चिखलातून, चार मिनिटांत कशी पोहोचेल? आपल्या जिल्ह्यात पिंजरचे संत गाडगेबाबा शोध व बचाव पथक आहे. त्यांच्या सेवाभावाला माझा नमस्कार. परंतु दुरून येणाऱ्या पथकाच्या हाती पुष्कळदा शोधच उरतो, बचाव उरत नाही. तो नावेतल्या व काठावरच्या माणसांनाच करावा लागतो. म्हणून नावाडी हाच पहिला वैद्य, ही गोष्ट आपण मान्य केली पाहिजे.

या वैद्याजवळ काय असावे? प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जॅकेट. नावेच्या तळाशी ठेवलेले जॅकेट कोणाला तारत नाही. एक लांब दोर, हवा भरलेली ट्यूब, कोरडे कांबळे, प्रथमोपचाराची पेटी आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला मोबाईल. बुडणाऱ्याकडे एकदम उडी घेऊ नये. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याच्याच गळ्याला मिठी मारतो. आधी दोर, बांबू किंवा ट्यूब फेकावी.

आणि काठावर आणल्यावर? मी पूर्णाकाठच्या खेड्यातला आहे. आमच्याकडे अजूनही बुडालेल्याला उलटे धरतात, पोट दाबतात, गरगर फिरवतात. या सर्वांत मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. खरा उपाय साधा आहे. श्वास नसेल तर माणसाला उताणे निजवावे, मान मागे करून हनुवटी उचलावी, नाक दाबून तोंडाने आधी श्वास द्यावेत. मग छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने ३० दाब, पुन्हा २ श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. मोठ्या माणसाची छाती पाच सेंटिमीटर तरी दबली पाहिजे. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवून ऊब द्यावी. तो उठून बसला तरीही दवाखान्यात न्यावेच.

कोणी म्हणेल, हे सरकारचे काम आहे. कायदा आहेच! १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा संमत केला. त्यात वल्ह्यांच्या नावांचाही विचार आहे. झुंजची दुर्घटना पुढच्याच महिन्यातली! कागदावरचा कायदा नदीकाठी पोहोचायला माणसे लागतात. ती माणसे आपण का होऊ नये?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकी कशाला करावी, हा आक्षेप मला पटत नाही. दाब देण्यासाठी पदवी लागत नाही, सराव लागतो. माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गावी गेलो की आजी विचारते, “बाबू, कॉलेजात काय शिकवतेत रे तुले?” राज्यशास्त्र तिला कसे सांगावे, हा मला पडलेला प्रश्न आहे. पण दोन हातांनी थांबलेला श्वास पुन्हा सुरू होऊ शकतो, हे मी तिला ओसरीवर बसून दाखवू शकेन.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराला वाहायचे जल आणायला हजारो कावडधारी गांधीग्रामला पूर्णेत उतरतात. त्यांत आपले कितीतरी वर्गबंधू असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरात श्रमदान अवश्य व्हावे. पण त्यातला एक दिवस डॉक्टरांना बोलावून या सरावासाठी ठेवावा. नदीकाठचे भोई बांधव व नावाडी यांनाही सन्मानाने बोलवावे. पाण्याची ओढ आणि पोहणे आपण त्यांच्याकडून शिकू; श्वास देणे ते आपल्याबरोबर शिकतील. येत्या शिबिरापासून याचा आरंभ व्हावा, एवढीच गुरुजनांना विनंती.