‘नैतिक’ टी-शर्टची शिलाई किती?

मागच्या उन्हाळ्यात मुंबईहून दोन पाहुण्या खेडच्या आमच्या कार्यालयात आल्या. बोलायला गोड, खादीचे कुर्ते, सोबत नमुन्याचे टी-शर्ट. त्यांच्या मालकीणबाई आधी लग्नसराईचे भरजरी कपडे डिझाइन करायच्या. आता त्या झगमगाटाचा त्यांना वीट आला आहे, आणि बायकांसाठी ‘नैतिक’ खेळाचे कपडे काढायचे त्यांनी ठरवलं आहे. प्लॅस्टिकच्या बाटल्या वितळवून केलेला धागा, निसर्गाला त्रास न देणारा रंग आणि शिलाई ग्रामीण स्त्रियांच्या हातची. आमच्या बचतगटाच्या बायका शिवणकाम करतात हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

गटातल्या बाया खूश झाल्या. मीही झाले, खोटं कशाला बोलू.

मग अटी आल्या. कापलेले तुकडे कंपनी देणार. दोरा, वीज, मशीनची दुरुस्ती आणि भरणे नाक्यापर्यंत माल पोचवण्याचं भाडं बाईचं. नगाला 14 रुपये. एक टाका चुकला तर नग ‘रिजेक्ट’ आणि कापडाचे पैसे बाईच्या हिशेबातून वजा. पैसे 90 दिवसांनी. साध्या घरगुती मशीनवर ताणाचं कापड शिवायचं म्हणजे सुई वेगळी लागते, हात जपून चालवावा लागतो. आमच्यातली सगळ्यात चपळ बाई दिवसाला 12 नग काढील. म्हणजे 168 रुपये, त्यातून दोरा आणि वीज जायची. लावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईला आमच्याकडे याहून जास्त मजुरी मिळते. तो टी-शर्ट मुंबईत 1,800 रुपयांना विकला जाणार होता. आणि हो, प्रत्येक टी-शर्टला लटकवायच्या चिठ्ठीवर आमच्यातल्या एकीचा नऊवारीतला हसरा फोटो हवा होता. फोटोचे पैसे वेगळे नव्हते.

मैत्रिणींनो, या ‘नैतिक’ शब्दाशी माझं भांडण आहे. कपड्याची नीती मोजताना धाग्याची जात विचारतात, रंगाचं कूळ विचारतात, समुद्रातल्या कासवाची काळजी करतात. ती काळजी चुकीची नाही. लोट्याच्या रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना, दाभोळ खाडीतल्या मासेमार भोई कुटुंबांना ती निराळी शिकवायला नको. सांडपाण्याविरुद्ध ते वर्षानुवर्षं लढत आले आहेत. पण शिवणाऱ्या बाईपाशी आलं की ही मोजपट्टी अचानक संपते. तिथे हिशेबाऐवजी फोटो येतो.

डिझायनर मंडळी सगळी सारखीच, असं मात्र मी म्हणणार नाही. गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स आठवा. मुंबईच्या फॅशनच्या दुनियेत नाव कमावलेला हा माणूस गोव्यात कोलवाळला जाऊन राहिला. अंगाला न आवळणारे, साधे, मोकळे कपडे ही त्याची ओळख. शेतात राबणाऱ्या कुणबी बायकांचं लाल चौकड्यांचं लुगडं विणणं जवळजवळ थांबलं होतं. त्याने ते पुन्हा मागावर चढवलं आणि फॅशनच्या रंगमंचावर नेलं, पण ‘माझी नवी कल्पना’ म्हणून नव्हे. हे कुणाचं वस्त्र आहे ते नाव घेऊन सांगितलं. गोव्याच्या पोशाखांवर पुस्तक लिहिलं, वस्त्रांच्या संग्रहालयाचं काम हाती घेतलं. 2014 मध्ये त्याला पद्मश्री मिळाली. 2016 मध्ये आपल्या नावाचं दुकान त्याने शूलेन फर्नांडिस या आपल्या शिष्येच्या हाती सोपवलं. फेब्रुवारी 2020 मध्ये तो गेला. त्याचे कपडे आपल्यातल्या कुणाला परवडणारे नव्हते, हेही खरं. शेतातलं लुगडं रंगमंचावर गेल्याने शेतातल्या बाईच्या हातात काय पडलं, हा प्रश्न त्यालाही विचारायलाच हवा. पण निदान त्याने मूळ मालकिणीचं नाव पुसलं नाही. आमच्या पाहुण्यांना बाईचा चेहरा हवा होता, नाव नको होतं.

शिवणाऱ्या बायकांची नीती कोण ठरवतं? त्या स्वतः लढतात तेव्हाच ती ठरते. भविष्य निर्वाह निधीच्या पैशाला हात लावणारा नियम आला, तेव्हा एप्रिल 2016 मध्ये बेंगळुरूच्या कपडे कारखान्यांतल्या हजारो बायका रस्त्यावर आल्या आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. तमिळनाडूत दिंडीगुल इथे जानेवारी 2021 मध्ये एका तरुण दलित कामगार मुलीचा खून झाला, आरोप तिच्याच सुपरवायझरवर होता. दलित बायकांच्या नेतृत्वाखालच्या युनियनने तो विषय सोडला नाही. 2022 मध्ये मोठ्या ब्रँडना आणि कारखानदाराला लैंगिक छळाविरुद्धच्या करारावर सह्या कराव्या लागल्या. हे कारखान्यात एकत्र बसणाऱ्या बायकांना जमलं. आपापल्या पडवीत एकेकटी मशीन चालवणारीचं काय? घरी बसून उद्योगाचं काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 साली 177 क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून मान्य केलेला नाही.

आता खेळाविषयी, कारण हे कपडे खेळाचे आहेत ना! बाईने खेळताना काय घालावं हे नेहमी दुसऱ्यांनीच ठरवलं. 2021 मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघातल्या मुलींनी बिकिनीऐवजी आखूड चड्डी घातली म्हणून 1,500 युरो दंड झाला. बोंब झाल्यावर नियम बदलला. तिकडे दाखवा म्हणून दंड, इकडे झाका म्हणून घरचा दंड. आमच्या तालुक्यात आठवीपर्यंत कबड्डीत पोरांना पाणी पाजणाऱ्या मुली नववीत मैदानावरून गायब होतात. कारण विचारलं तर ‘अभ्यास’ सांगतात. खरं कारण मला एकीने कानात सांगितलं: चढाईत टी-शर्ट ओढला की खांद्याची शिवण उसवते, आणि पाळीच्या दिवसांत शाळेच्या फिक्या रंगाच्या चड्डीत उडी मारायची भीती वाटते.

याच मुलींच्या आज्या कासोट्याचं लुगडं नेसून दिवसभर वाकून लावणी करत, डोक्यावर भारा घेऊन घाटी चढत. ते गावठी ठरलं, आणि आता त्याचाच फोटो चिठ्ठीवर हवा.

गटाने कंपनीला तीन गोष्टी सांगितल्या: दर तासाच्या किमान वेतनावर काढा, रिजेक्ट मालाचं नुकसान अर्धं तुमचं, आणि फोटो नाही. उत्तर आलं नाही. पुढे कळलं की काम दुसऱ्या तालुक्यातल्या गटाला गेलं, नगाला 12 रुपयांनी.

त्या रात्री गटातली एक बाई मला म्हणाली, “ताई, तुमचा पगार एक तारखेला येतो. माझे 14 तर गेलेच, वर तिकडचीचे 2 कमी झाले.” मी समाजकार्यात एम.ए. केलं, पण यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही पुरतं सुचलेलं नाही.

पावसाळ्यानंतर आम्ही दोन शाळांच्या मुलींसाठी कबड्डीचे 40 जोड शिवले. गडद निळं कापड, खांद्याला दुहेरी शिलाई, आसनाला आतून दुसरं कापड. मापं मुलींनीच एकमेकींची घेतली. पैसे पालकांच्या वर्गणीतून आले, शिलाई जोडाला 60 रुपये. काम तीन आठवड्यांत संपलं. गटाच्या 11 बायकांचं वर्षभर भागेल असं ते नाही, पण नववीच्या सहा मुली या वर्षी संघात आहेत.

तेव्हा वाचणाऱ्या सगळ्या गटांना एक विनंती. तुमच्याकडे असं शिलाईचं काम आलं असेल तर कंपनीने दिलेला दर, दोऱ्याचा खर्च, रिजेक्टचा नियम आणि पैसे किती दिवसांनी मिळाले, हे एका पोस्टकार्डावर लिहून संपादिकांकडे पाठवा. बाईचं नाव नको. पुढच्या अंकात तालुकावार दर एका पानावर छापू, म्हणजे खेडचे 14 शेजारच्या तालुक्यात 12 होण्याआधी तिथल्या बाईला ते ठाऊक असतील.