केसपेपर दोघांच्या नावाने काढा

लग्नाला दोन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की मीरा-भाईंदरच्या चाळीत काय नि टॉवरमध्ये काय, पहिली बोट सुनेकडे जाते. सोनोग्राफी तिची, रक्ततपासणी तिची, उपासतापासही तिचेच. नवरा सकाळची चर्चगेट लोकल पकडून मोकळा.

कोणतेही साधन न वापरता नियमित संबंध असूनही वर्षभरात गर्भ राहिला नाही, तर तपासणी सुरू करावी. पत्नीचे वय 35च्या पुढे असेल तर सहा महिने पुरेत. चाळिशी उलटली असेल तर थांबूच नये. पाळी दोन-दोन महिने येत नसेल किंवा क्षयरोग होऊन गेला असेल, तरीही वर्ष मोजत बसू नये. जननमार्गाचा क्षयरोग खोकल्याशिवायही गर्भनलिका बंद करतो आणि अनेकदा मूल होत नाही म्हणून तपासल्यावरच सापडतो.

जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडे, एकट्याने किंवा पत्नीच्या जोडीने, काही दोष असतो. वीर्यतपासणीला दोन ते सात दिवसांचा संयम आणि एक डबी लागते, सुईसुद्धा नाही. तरी ती सर्वांत शेवटी होते. तोवर बायकोची लॅप्रोस्कोपीही उरकलेली असते! एक अहवाल बिघडला तर खचू नये, तपासणी पुन्हा करावी. जिममध्ये अंग भरावे म्हणून टोचलेले टेस्टोस्टेरॉन शुक्रजंतू घटवते, कधी शून्यावर आणते, हे त्या पोरांना कोणी सांगत नाही.

6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षा चावडाचा जन्म झाला. शास्त्रीय नोंद असलेले देशातले हे पहिले टेस्ट ट्यूब बाळ पालिकेच्या रुग्णालयात जन्मले. आज मात्र आयव्हीएफ म्हटले की सामान्य घरापुढे खासगी केंद्र आणि कर्जच उभे राहते. सार्वजनिक रुग्णालयांत ही सोय वाढायलाच हवी.

प्रत्येकाला आयव्हीएफ लागते असेही नाही. अनेकांचे काम गोळ्यांवर, थायरॉइडच्या उपचारावर किंवा वजन उतरवण्यावर भागते. 2021च्या कायद्याने केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे. ती पाहायला मागावी. दोघांच्या तपासण्यांआधीच पॅकेजचा कागद पुढे करणाऱ्या केंद्रातून उठून यावे. सुरुवात भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयासारख्या सरकारी ओपीडीतून करता येते. तिथे जाताना नवऱ्याने एक दिवस रजा टाकावी.