मशीन लहान, जॉब मोठा

कॉलेजच्या रेसिंग टीममध्ये असाल, तर हे वाक्य तुम्हाला पाठ असेल : 'आपल्या मशीनवर नाही बसणार, बाहेर देऊ.' कॅडवर रात्री जागून काढलेली अ‍ॅल्युमिनियमची प्लेट असते 600 मिमी लांब आणि वर्कशॉपमधल्या सीएनसी मिलिंगचा टेबल सरकतो जेमतेम 400 मिमी. मग ड्रॉइंग मेल करायचं, स्पॉन्सरचे पैसे मोजायचे आणि चार दिवसांनी चकचकीत पार्ट घेऊन यायचा. जजसमोर मात्र 'आम्ही बनवला'!

माझं म्हणणं एवढंच, की असा एखादा तरी पार्ट टीमने आपल्याच लहान मशीनवर करावा. पैसे वाचतात म्हणून नाही. डोकं चालतं म्हणून.

जॉब टेबलापेक्षा मोठा असला की तो दोन सेटिंगमध्ये करावा लागतो. आधी अर्धा, मग प्लेट सरकवून उरलेला. खरी गंमत सरकवण्यात आहे. दोन्ही सेटिंगमध्ये स्पिंडल पोहोचेल अशा मधल्या पट्ट्यात दोन भोकं पाडून रीमर मारायचा, तेही पहिले क्लॅम्प सोडण्याआधी. प्लेट सरकवल्यावर डायल लावून तीच भोकं शोधायची आणि त्यांच्यावरून नवा शून्यबिंदू व कोन ठरवायचा. भोकं एकमेकांपासून जितकी लांब, तितकं बरं. कारण 200 मिमी अंतरावर 0.02 मिमीची चूक झाली, तर 400 मिमीवर ती 0.04 होते. शाळेतली समरूप त्रिकोणांची भूमिती इथे कामाला येते राव!

मग अ‍ॅल्युमिनियमचे नखरे. एक मीटर लांबीला दर अंश सेल्सिअसमागे ते साधारण 23 मायक्रॉन वाढतं, स्टीलच्या जवळपास दुप्पट. पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी एक सेटिंग आणि भर दुपारी दुसरं केलं, प्लेट दहा अंशांनी तापली, तर 600 मिमीची लांबी 0.14 मिमीने बदलते. बेअरिंगच्या बसणीसाठी हे फार झालं. शिवाय प्लेटमध्ये आधीचा ताण दडलेला असतो. एकाच बाजूने भरपूर माल काढला, की क्लॅम्प सोडताच ती धनुष्यासारखी वाकते. म्हणून आधी दोन्ही बाजूंनी रफ, मग फिनिश. चिप्स वेळच्या वेळी हवेने उडवल्या नाहीत, तर माल एंडमिलच्या धारेला चिकटतो आणि टूल गेलंच म्हणून समजा. हे सगळं पुस्तकात एकेका ओळीत असतं. समजतं ते डायलची सुई हलताना बघून.

'पण वेळ कुठाय? परीक्षा, सबमिशन...' मान्य. महागडं मशीन पोरांच्या हाती द्यायला सर कचरतात, तेही समजू शकतं. एक धडक बसली की स्पिंडलचा खर्च कॉलेजच्या माथी. पण त्यावर उपाय मशीनला कुलूप नाही. वर्कशॉपचे मामा शेजारी उभे, पहिली फेरी टूल वर उचलून हवेत, फीड कमी, अशी सुरुवात करता येते. 600 बाय 250 मिमीची, 20 मिमी जाड प्लेट आठेक किलोची असते. तीच स्टीलची असती तर तेवीस-चोवीस किलो भरली असती. शिकायला अ‍ॅल्युमिनियमइतका सोयीचा धातू नाही.

सगळंच घरी करा, असंही नाही. दोन टोकांना टेबल नेल्यावर प्लेट कॉलमला किंवा दाराला लागत असेल, मशीनचं दार उघडं ठेवूनच काम होणार असेल, तर तो जॉब बाहेरच गेला पाहिजे. नाहीतर डिझाइन बदला. एकसंध प्लेटऐवजी दोन तुकडे डॉवेल पिनने जोडून चालतंय का, ते बघा. हा विचार कॅडवर पहिली रेघ मारतानाच करायला हवा, पण बाहेरून पार्ट आणणाऱ्या टीमला तो सुचतच नाही.

एचओडींकडे आठवड्यातून एक दुपार मशीन मागा. लेखी अर्ज द्या, मामांची वेळ ठरवा, टूल मोडलं तर पैसे टीम भरेल असंही त्यात लिहा. फी आपणच भरतो ना? मग ते मशीन नुसतं प्लॅस्टिकच्या कव्हराखाली का ठेवायचं?