विश्लेषण : ‘विरोध का केला नाही?’ संमतीचा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही तिथेच का अडतो?

बड्या व्यक्तीवर लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला की चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. ती ओरडली का नाही? लगेच तक्रार का केली नाही? दुसऱ्या दिवशी हसत कशी होती? भारतीय कायद्याने या प्रश्नांची उत्तरे टप्प्याटप्प्याने दिली आहेत. तरीही न्यायालयाच्या दालनात आणि चहाच्या टपरीवर तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात. कायदा बदलला, पण संमती मोजायची फूटपट्टी का बदलली नाही?

संमतीच्या वादाची सुरुवात महाराष्ट्रात कशी झाली?

तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका अल्पवयीन आदिवासी मुलीला जबाबासाठी आणण्यात आले होते. तक्रार तिच्या भावाची होती. जबाब झाल्यावर घरच्यांना बाहेर पाठवण्यात आले आणि तिला मात्र थांबवण्यात आले. एका पोलीस शिपायाने आपल्यावर बलात्कार केला आणि हेड कॉन्स्टेबलने विनयभंग केला, असा आरोप तिने केला. सत्र न्यायालयाने दोघांना १९७४ मध्ये सोडून दिले. मुलीला शरीरसंबंधांची ‘सवय’ होती, असा त्या निकालाचा सूर होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये हा निकाल फिरवला. भीतीपोटी मुकाट्याने शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे खंडपीठाने स्पष्ट केले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सप्टेंबर १९७८ मध्ये दोघांनाही निर्दोष मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत आणि आरडाओरडा नाही, म्हणून विरोध नव्हता, असा त्यामागचा तर्क होता.

हा खटला आजही त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. मात्र याच प्रकरणानंतर झालेल्या कायदा दुरुस्तीने पीडितेचे नाव छापण्यास बंदी घातली, त्यामुळे त्याला देसाईगंज प्रकरण म्हणणेच उचित.

एका पत्राने कायदा कसा बदलला?

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातील मुद्दा साधा होता. रात्रीची वेळ, बंद पोलीस ठाणे, समोर गणवेशातले दोन पुरुष आणि बाहेर ताटकळणारे गरीब नातेवाईक, अशा स्थितीत मुलगी गप्प राहिली, तर त्या गप्प राहण्याला होकार म्हणायचे का? शरण जाणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने लक्षात घेतले नाही, अशी त्यांची तक्रार होती. १९८० मध्ये मुंबईसह अनेक शहरांत महिला रस्त्यावर उतरल्या. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. देशातील स्त्री चळवळीच्या नव्या टप्प्याची सुरुवात अनेक अभ्यासक इथूनच मानतात.

१९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडी, तुरुंग, रुग्णालय यांसारख्या ठिकाणी अधिकारपदावरील व्यक्तीने केलेला बलात्कार हा वेगळा आणि गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाले आणि स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरावे, अशी तरतूद साक्ष अधिनियमात आली. ज्याच्या हाती सत्ता, त्यानेच संमती होती हे दाखवावे, हे तत्त्व भारतीय कायद्यात आणण्यास एका खेड्यातील मुलीचे हरलेले प्रकरण कारणीभूत ठरले.

आज कायद्याच्या लेखी संमती म्हणजे काय?

दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१३ मध्ये कायद्यात संमतीची व्याख्या आली. आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. संमती निःसंदिग्ध आणि स्वेच्छेने दिलेली हवी. ती शब्दांतून, हावभावांतून किंवा अन्य रीतीने व्यक्त झालेली हवी आणि ती त्या विशिष्ट कृतीसाठी हवी. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हेही तिथेच लिहिले आहे. म्हणजे देसाईगंजच्या निकालातील तर्काला कायद्याने नाव न घेता उत्तर दिले आहे. पीडितेचा पूर्वीचा लैंगिक अनुभव संमतीच्या प्रश्नावर गैरलागू ठरवण्यात आला. वरिष्ठ, विश्वस्त, शिक्षक किंवा नियंत्रण ठेवू शकेल अशा स्थानावरील व्यक्तीवरचा आरोपही आता गंभीर प्रकारात मोडतो.

त्याहून कमी चर्चेत असलेले कलम म्हणजे ६८. अधिकारपदाचा गैरवापर करून एखाद्या स्त्रीला शरीरसंबंधांसाठी राजी केले, तर तो बलात्कार नसला तरी गुन्हा आहे आणि त्याला पाच ते दहा वर्षे सक्तमजुरीची शिक्षा आहे. होकार मिळाला तरी तो कोणत्या दबावाखाली मिळाला, हे पाहावे लागते, एवढे तरी आपल्या कायद्याने मान्य केले आहे. विवाहसंबंधांत मात्र हेच तत्त्व लागू होत नाही. पत्नी अठरा वर्षांवरील असेल तर पतीने केलेला बलात्कार हा आजही कायद्याने बलात्कार ठरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे या अपवादावर मे २०२२ मध्ये एकमत होऊ शकले नव्हते.

मग न्यायालयांत अडचण कुठे येते?

व्याख्या बदलली तरी पुरावा तपासणारी नजर जुनीच राहते, हे दोन निकालांवरून दिसते. लेखक-दिग्दर्शक महमूद फारुकी यांना सत्र न्यायालयाने २०१६ मध्ये सात वर्षांची शिक्षा सुनावली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांना निर्दोष ठरवले. परिचित आणि सुशिक्षित व्यक्तींमध्ये क्षीण आवाजातील ‘नाही’ हा नकारच होता असे दरवेळी म्हणता येत नाही, असे त्या निकालात म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. निर्दोषत्वाचा निकाल अंतिम आहे आणि तो मान्यच करायला हवा. पण कायदा होकार शोधायला सांगत असताना न्यायालयाने नकाराची तीव्रता मोजावी का, हा प्रश्न त्या निकालाने मागे ठेवला.

दुसरा निकाल गोव्यातला आहे. ‘तहलका’चे तेव्हाचे संपादक तरुण तेजपाल यांच्यावर नोव्हेंबर २०१३ मध्ये एका पंचतारांकित हॉटेलच्या लिफ्टमध्ये सहकारी तरुणीवर अत्याचार केल्याचा आरोप होता. त्यांनी तो नाकारला. म्हापसा येथील सत्र न्यायालयाने २१ मे २०२१ रोजी त्यांची निर्दोष मुक्तता केली. ५२७ पानांच्या या निकालात तपासातील त्रुटींवर, विशेषतः सीसीटीव्ही चित्रीकरण हाताळण्यावर गंभीर ताशेरे होते. तपास अपुरा असेल तर संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि ते योग्यच आहे. खटकणारा भाग वेगळा होता. घटनेनंतरच्या छायाचित्रांत ती हसताना दिसते, तिचे वागणे पीडितेकडून अपेक्षित असलेल्या वागण्याशी जुळत नाही, अशा निरीक्षणांना निकालात बरीच जागा मिळाली. तिची ओळख उघड करणारे तपशीलही त्यात होते आणि ते वगळण्याचे आदेश उच्च न्यायालयाला द्यावे लागले. गोवा सरकारने या निकालाला आव्हान दिले.

या निकालाच्या अवघे दोन महिने आधी, मार्च २०२१ मध्ये, अपर्णा भट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांना नेमकी हीच समज दिली होती. स्त्रीने कसे वागावे याबद्दलचे ठोकताळे निकालात आणू नका, असे बजावले होते. ऑगस्ट २०२३ मध्ये तर न्यायालयाने अशा ठोकताळ्यांवर स्वतंत्र हस्तपुस्तिकाच काढली. तीत अत्याचारानंतर प्रत्येक जण वेगळे वागतो आणि ‘योग्य’ वागणूक असे काही नसते, हे सोदाहरण सांगितले आहे. वरिष्ठ न्यायालयाला पुस्तिका काढावी लागते, यातच अडचणीचे स्वरूप कळते.

‘इतकी वर्षे गप्प का?’ या प्रश्नाचे उत्तर काय?

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘मी टू’ची लाट भारतात आली, तेव्हा केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांच्यावर अनेक महिला पत्रकारांनी आरोप केले. अकबर यांनी ते फेटाळले, मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि प्रिया रमाणी यांच्यावर फौजदारी बदनामीचा दावा लावला. रमाणी यांनी सांगितलेली घटना डिसेंबर १९९३ मधील, मुंबईतील हॉटेलात झालेल्या नोकरीच्या मुलाखतीची होती. दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी रमाणी यांची मुक्तता केली. स्त्रीच्या प्रतिष्ठेचा बळी देऊन कोणाची अब्रू राखता येणार नाही, आणि स्त्री आपली तक्रार अनेक दशकांनंतरही, तिला योग्य वाटेल त्या व्यासपीठावर मांडू शकते, असे न्यायालयाने म्हटले. अकबर यांनी या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली.

१९९३ मध्ये तक्रार करायची तरी कुठे, याकडेही त्या न्यायालयाने लक्ष वेधले. कामाच्या ठिकाणच्या छळाबाबतची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे १९९७ मध्ये आली आणि कायदा २०१३ मध्ये. त्या कायद्यातही अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत तक्रार करावी लागते. समितीला वाटल्यास आणखी तीन महिने मिळतात. नोकरी, पगार आणि पुढची शिफारस ज्याच्या हाती आहे, त्याच्याविरुद्ध एवढ्या मुदतीत उभे राहणे किती जणींना जमेल? उशिराचा दोष नेहमी तक्रारदार स्त्रीकडे जातो, संस्थांच्या उशिराला मात्र कोणी जाब विचारत नाही. केरळच्या चित्रपटसृष्टीतील महिलांच्या स्थितीवरील न्या. हेमा समितीचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला मिळाला. काही भाग वगळून तो लोकांपुढे आला ऑगस्ट २०२४ मध्ये. साडेचार वर्षे गप्प राहण्यासाठी सरकारवर कोणता दबाव होता?

आरोपीच्या हक्कांचे काय?

हा प्रश्न टाळून ही चर्चा प्रामाणिक राहू शकत नाही. आरोप सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष हे तत्त्व श्रीमंतांइतकेच गरिबांच्याही उपयोगाचे आहे. किंबहुना वकील न परवडणाऱ्यालाच त्याची जास्त गरज असते. ते सैल केले तर त्याची किंमत तक्रारदार स्त्रियाही मोजतात, याचे उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. हॉलीवूडचा निर्माता हार्वे वाइनस्टाइन याला तिथे २०२० मध्ये २३ वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपिलीय न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ती रद्द केली. ज्यांच्याबाबत दोषारोपच ठेवले नव्हते, अशा महिलांच्या साक्षी आधीच्या खटल्यात घेतल्या गेल्या, हे त्याचे मुख्य कारण होते. फेरखटल्यात जून २०२५ मध्ये तो एका आरोपात दोषी ठरला, दुसऱ्यात सुटला आणि तिसऱ्यावर ज्युरींचा निर्णय होऊ शकला नाही. तक्रारदार महिलांना मात्र उलटतपासणीच्या पिंजऱ्यात पुन्हा उभे राहावे लागले. ‘इतक्या जणी सांगतात म्हणजे खरेच असणार’ हा तर्क समाजाला सावध करायला पुरेसा असतो. शिक्षा देण्यासाठी मात्र प्रत्येक आरोप स्वतंत्रपणे सिद्ध करावा लागतो.

पण या तत्त्वाचा सोयीस्कर अर्थही लावला जातो. निर्दोषत्वाचे गृहीतक न्यायालयासाठी आहे. त्यातून तक्रार करणारी खोटारडी असल्याचे गृहीतक निघत नाही. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या छळाबाबतचा कायदा हे नेमकेपणाने सांगतो. जाणीवपूर्वक खोटी तक्रार केल्यास कारवाईची तरतूद त्यात आहे, पण तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हेही त्यातच नमूद आहे. ‘सुटला’ आणि ‘ती खोटे बोलली’ ही दोन वेगळी विधाने आहेत. बहुतेक वाद त्यांची गल्लत केल्यामुळेच चिघळतात.

मग काय बदलायला हवे?

नवा कायदा ही पहिली गरज नाही. आहे त्या कायद्याचे प्रश्न विचारले जायला हवेत. कायद्याचा प्रश्न ‘तिने विरोध केला का?’ हा नाही. ‘तिचा होकार त्याला कशावरून कळला?’ हा आहे. दुसऱ्या प्रश्नाने आरोपीवर अन्याय होत नाही, कारण त्याचे उत्तर देण्याची पूर्ण संधी त्याला असते. बदल एवढाच होतो की तपासाचा झोत तिच्या कपड्यांवरून, छायाचित्रांवरून आणि हसण्यावरून हलून त्याच्या कृतीवर येतो. पोलिसांनीही पहिल्याच दिवशी चित्रीकरण, मोबाइल संदेश आणि साक्षीदार हाताशी धरले, तर निकाल तिच्या वागणुकीच्या अंदाजावर अवलंबून राहणार नाही.

संस्थांची जबाबदारी त्याहून आधीची आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्हा पातळीवरील स्थानिक समितीकडे जाता येते. ही समिती आपल्या जिल्ह्यात कुठे बसते, हे किती कार्यालयांच्या सूचना फलकावर लिहिलेले आहे? देसाईगंजच्या मुलीला पोलीस ठाण्याखेरीज दुसरी जागा नव्हती आणि अत्याचाराचा आरोप तर त्याच ठाण्यातल्या माणसांवर होता. आज दुसरी जागा कागदावर आहे. ती तक्रारदाराला सापडावी, एवढी व्यवस्था करणे जिल्हा प्रशासनाच्या आणि प्रत्येक आस्थापनेच्या हातात आहे.