शेजाऱ्याचा कान

देवळाली कॅम्पांत राहणाऱ्याला तोफेचा आवाज नवा नाहीं. येथील तोफखाना-विद्यालयाचा सराव सुरू झाला म्हणजे खिडक्यांच्या कांचा थरथरतात व पाहुणे दचकतात. "आपण हें सहन तरी कसें करतां?" असें पुण्याच्या एका स्नेह्यांनीं मला विचारलें. मीं म्हटलें, "तोफेला स्थळ आहे, वेळ आहे आणि प्रयोजन आहे. अशा सरावासाठीं १९३८ सालापासून स्वतंत्र कायदा आहे. आमच्या कर्ण्याला यांपैकीं काय आहे?"

हें उत्तर देतांना माझें मन मलाच खात होतें. नातवाच्या मुंजीच्या आदल्या रात्रीं आम्हीं गच्चीवर दोन कर्णे बांधले होते. शेजारचे वृद्ध गृहस्थ नुकतेच दुखण्यांतून उठलेले. रात्रीं त्यांची सून येऊन संकोचानें म्हणाली, "काका, मामंजींना झोप नाहीं, थोडें हळू होईल का?" मीं म्हटलें, "एका दिवसाचें तर आहे, सूनबाई!" दुसऱ्या दिवशीं ते गृहस्थ काठी टेकीत आले, बटूला आशीर्वाद देऊन गेले, आणि रात्रीचा उल्लेखहि त्यांनीं केला नाहीं. चाळीस वर्षें मुलांना शिस्त शिकविलेल्या मास्तराला त्या मौनानें जो धडा दिला, तो कोणत्याहि पुस्तकानें दिला नव्हता.

नैयायिक शब्दाला आकाशाचा गुण मानतात, आधुनिक शास्त्र हवेचा कंप मानतें. मत कोणतेंहि घ्या, शब्द कुंपण मानीत नाहीं. म्हणूनच २००० सालीं केंद्र सरकारनें ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. राहत्या वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे १० पासून सकाळीं ६ पर्यंत. डेसिबलाचें गणित मात्र साध्या बेरजेचें नव्हे. १० डेसिबल वाढले कीं ध्वनीची शक्ति दसपट होते. म्हणजे ४५ च्या जागीं ७५ झाले, तर शक्ति हजारपट झाली! उलट, उघड्या जागेंत अंतर दुप्पट केलें कीं सुमारें ६ डेसिबल कमी होतात. आमचे कर्णे शेजाऱ्याच्या भिंतीकडून काढून आंगणाच्या दुसऱ्या टोकाला, खालीं व मांडवाकडे तोंड करून ठेवले असते, तरी त्या आजाऱ्याला पुष्कळ आराम पडला असता. बंद केले असते, तर प्रश्नच नव्हता.

घराच्या आंतहि दोन गोष्टींचा घोटाळा होतो. खोलींतला आवाज घुमणें निराळें, आणि बाहेरचा आवाज आंत येणें निराळें. अमेरिकेंत हार्वर्ड येथें १८९५ सालीं एका नव्या व्याख्यानगृहांत वक्त्याचें बोलणें समजेना. सबाइन नांवाच्या प्राध्यापकानें रात्रीच्या शांततेंत दुसऱ्या नाट्यगृहांतील गाद्या आणून मांडल्या, आणि मऊ वस्तु आवाज कसा शोषतात तें मोजलें. आपल्या वाड्यांतील बैठक, लोड व गोधड्या हेंच काम न सांगतां करीत असत. आजच्या फरशी-कांचेच्या दिवाणखान्यांत सतरंजी व जाड पडदे आणा. घुमणें कमी होईल, आणि घरांतील माणसें आपोआप हळू बोलूं लागतील.

परंतु पडद्यानें रस्त्यावरचा गोंगाट थांबत नाहीं. त्याला जड भिंत व फटी नसलेलें दार लागतें. दाराखालीं बोटभर फट असेल, तर सागवानी दारहि निम्में व्यर्थ. ती आधीं बुजवावी. खुर्च्यांच्या पायांस कापडाचे तुकडे लावावे आणि मिक्सराखालीं रबराची जाड चकती ठेवावी. कारण असे धक्के जमिनींतून थेट खालच्या बिऱ्हाडांत उतरतात.

हें सर्व उपाय स्वल्प खर्चाचे आहेत. त्यांहून स्वस्त उपाय एकच. पुढील वैशाखांत आमच्या नातीचें लग्न आहे. घरांतील तरुण मंडळी थोडी हिरमुसलीं खरी, परंतु सनई-चौघडा कर्ण्यावांचून वाजेल आणि रात्रीं ९ ला थांबेल असें ठरलें आहे. वाद्यें सुरू झालीं कीं मी प्रथम शेजारच्या माजघरांत जाऊन उभा राहणार आहे. आपल्या घरचा आनंद केवढा मोठा आहे, हें तेथूनच नीट ऐकूं येतें.