गणितातलं विमान आणि वेळापत्रकातलं विमान

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, एक उदाहरण पाहूया. मुंबई ते नागपूर हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर. जेट विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटर धरला, तर वेळ = अंतर ÷ वेग, म्हणजे 51 मिनिटे. उत्तर बरोबर! पण वेळापत्रकात मात्र साधारण दीड तास असतो. असं का?

विमान आधी जमिनीवरून हळूहळू धावपट्टीपर्यंत जातं, कधी रांगेत थांबतं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. मार्गही अगदी सरळ नसतो आणि वारा कधी साथ देतो, कधी अडवतो. वेळापत्रकात हे सगळं धरलेलं असतं. म्हणून दीड तासाने भागलं तर सरासरी वेग ताशी 450 च्या आसपासच येतो.

माझं मत स्पष्ट आहे. "बाई, पण माझ्या काकांना तर दीड तास लागला!" असं म्हणणाऱ्या मुलाला गप्प बसवू नका. सरासरी वेगाचा धडा त्याच्याच प्रश्नात आहे. विमान लांब राहिलं, तरी एसटी आहेच की! पुढच्या प्रवासात मुलांना अंतर, वेळ आणि थांबे लिहू द्या. भागाकार त्यांनाच करू द्या.